सप्टेंबरात ट्रॅफिक निम्म्यावर आलं: दुरुस्तीआधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पाककृती आणि सणावारांची माहिती देणारी तुमची मराठी साइट आहे, वर्डप्रेसवर आहे आणि बरीच वर्षं चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलवरून आलेले क्लिक सप्टेंबर २०२४ च्या जवळपास निम्मे आहेत. जुलैमध्ये तुम्ही थीम बदलली आणि त्याच वेळी लेखांच्या पत्त्यांमधून वर्ष-महिना काढून टाकला. एका एजन्सीने आलेख पाहून ‘ऑगस्टच्या स्पॅम अपडेटमध्ये (बनावट युक्त्या वापरणाऱ्या साइटींना मागे टाकणारा गूगलचा बदल) पेनल्टी लागली आहे’ असं सांगितलं. जुन्या लिंका नाकारायच्या आणि नव्या बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणारे दुवे) घ्यायच्या, असं कोटेशनही दिलं. तुम्ही विचारताय की हे पैसे भरावेत, की जुने लेख सरसकट नव्याने लिहून काढावेत.

माझं उत्तर: आत्ता दोन्ही करू नका. कारण ‘ट्रॅफिक निम्मं झालं’ हे अजून फक्त लक्षण आहे. नेमकं काय पडलं, कुठल्या पानांवर पडलं आणि कुठल्या तारखेपासून पडलं, या तीन गोष्टी कळेपर्यंत उपाय निवडता येत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत एकाच अडीच महिन्यांत पाच-सहा कारणं एकमेकांत गुंतली आहेत. त्यातली निम्मी तुमच्या साइटशी संबंधितही नाहीत. मी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रकारच्या साइटींचं हे काम बरीच वर्षं करतोय, आणि सणांवर चालणाऱ्या मराठी साइटींची एक खासियत बहुतेक इंग्रजी मार्गदर्शक लेखांत सापडत नाही. सुरुवात तिथूनच करतो, कारण तुमच्या घसरणीचा मोठा वाटा तिथे असावा असा माझा अंदाज आहे.

तुम्ही सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केलीत. ही तुलना शाळा-कॉलेजच्या किंवा कपड्यांच्या साइटला चालते. तुमचे वाचक मात्र पंचांगाने चालतात. २०२४ मध्ये हरतालिका ६ सप्टेंबरला आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. गौरीपूजन ११ ला, अनंत चतुर्दशी १७ ला. म्हणजे उकडीच्या मोदकांपासून गौरीच्या नैवेद्यापर्यंत सगळी शोधाशोध त्या सप्टेंबरात झाली. २०२५ मध्ये हरतालिका २६ ऑगस्टला, चतुर्थी २७ ऑगस्टला आली. गौरीपूजन १ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. मोदकाची पारी का फाटते हे माणूस चतुर्थीच्या आधी चार दिवस शोधतो, नंतर नाही. तो सगळा हंगाम २०२५ मध्ये ऑगस्टच्या खात्यात जमा झाला. सप्टेंबरात उरले विसर्जनाचे काही दिवस, मग ८ ते २१ सप्टेंबरचा पितृपक्ष, मग २२ पासून नवरात्र. २०२४ मध्ये नवरात्र ३ ऑक्टोबरला बसलं होतं, त्यामुळे उपवासाच्या पदार्थांची पानं मात्र या सप्टेंबरात गेल्या वर्षीपेक्षा वर दिसायला हवीत. ती दिसतात का ते आवर्जून बघा. मोदक खाली आणि साबुदाणा वर असं चित्र असेल, तर तुमच्या दुखण्याचा मोठा भाग तारखांच्या सरकण्याचा आहे.

म्हणून तुलना तिथीने करा. सर्च कॉन्सोलमध्ये, म्हणजे शोधातली साइटची कामगिरी दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, परफॉर्मन्सच्या अहवालात तारखा स्वतः टाकून दोन कालखंड समोरासमोर ठेवता येतात. पहिला कालखंड ५ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर २०२४, दुसरा २५ जुलै ते ६ सप्टेंबर २०२५. दोन्ही श्रावण सुरू झाल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत, दोन्ही ४४ दिवसांचे. वार जुळत नाहीत, २०२४ चा श्रावण सोमवारी सुरू झाला आणि २०२५ चा शुक्रवारी, पण सहा आठवड्यांच्या बेरजेत त्याने मोठा फरक पडत नाही. या तुलनेत क्लिक साधारण सारखे निघाले, तर तुम्ही एका न झालेल्या आजारावर औषध विकत घ्यायला निघाला होतात. तीस-चाळीस टक्के कमी निघाले, तर खरी घसरण आहे आणि पुढचं सगळं वाचा.

याच हिशेबाने स्पॅम अपडेटचं कोडंही बघा. गूगलचं ते अपडेट २६ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि २२ सप्टेंबरला संपलं. सुरुवातीचा दिवस हरतालिकेचा. सणाच्या कुठल्याही साइटचा आलेख चतुर्थीला शिखर गाठून दुसऱ्या दिवसापासून उतरतोच. ज्याला पंचांग माहीत नाही त्याला तो उतार अपडेटमुळे आल्यासारखा दिसणार, अगदी तारखेसकट. भरीला सर्च कॉन्सोलमधला रोजचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने मोजला जातो. आपली २७ तारीख सुरू होते तेव्हा तिथे २६ ला सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे चतुर्थीच्या सकाळची गर्दी आलेखात आदल्या दिवसावर पडते आणि ‘घसरण’ अपडेटच्या आणखी जवळ सरकते. एजन्सीने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. दोन तारखा जुळल्या की माणूस थांबतो, इतकंच.

पेनल्टीचं म्हणाल तर ती असेल तर लपून राहत नाही. गूगलच्या माणसांनी हाताने कारवाई केली असेल, तर सर्च कॉन्सोलच्या ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ या पानावर ती लिहिलेली असते. हॅकिंग झालं असेल तर ‘सिक्युरिटी इश्यूज’मध्ये. दोन्ही पानं उघडायला एक मिनिट लागतं. तिथे काही नसेल तर पेनल्टी हा शब्द बाजूला ठेवा. अल्गोरिदममुळे क्रमांक खाली जाणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला वेगळा उपाय लागतो. आणि लिंका नाकारण्याचं साधन बहुतेक साइटींना लागतच नाही, असं गूगल स्वतः सांगतं. विकतच्या, बनावट लिंकांसाठी कारवाई झाली असेल किंवा होण्याची खरी भीती असेल, त्यांच्यासाठी ते आहे. नव्या बॅकलिंक विकत घेणं तर सरळ गूगलच्या स्पॅमविषयक धोरणाच्या विरुद्ध आहे. म्हणजे स्पॅमचं निदान करून औषध म्हणून स्पॅमच लिहून दिलंय.

आता तिथीने तुलना करूनही घसरण उरली असं धरू. पुढचा प्रश्न: मोजमाप बिघडलंय की खरंच लोक कमी आले? तुम्ही क्लिकचा आकडा कुठून घेतलात हे प्रश्नात स्पष्ट नाही. अ‍ॅनालिटिक्समधून (साइटवरच्या भेटी मोजणारं वेगळं साधन) घेतला असेल तर जुलैतली थीम संशयित नंबर एक. थीमच्या फाइलमध्ये हाताने चिकटवलेला मोजणीचा कोड थीमबरोबर जातो, किंवा फक्त मुख्य पानावर राहतो आणि लेखांच्या पानांवरून गायब होतो. ताडून पाहण्याची सोपी रीत म्हणजे सर्च कॉन्सोलचे क्लिक आणि अ‍ॅनालिटिक्समधल्या शोधातून आलेल्या भेटी एकाच तक्त्यात मांडणं. आकडे कधीच जुळणार नाहीत, दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे. दिशा जुळायला हवी. एक सपाट आणि दुसरा कोसळलेला असेल तर मोजपट्टी तुटली आहे, साइट नव्हे.

मोजणी ठीक असेल तर सर्च कॉन्सोलचे चार आकडे वेगवेगळे वाचायला शिका: इम्प्रेशन (तुमचा दुवा निकालांत किती वेळा दिसला), सरासरी क्रमांक, क्लिक आणि क्लिकचं प्रमाण (दिसल्यापैकी किती वेळा क्लिक झालं). इम्प्रेशन घटली पण क्रमांक तिथेच आहे, तर लोक शोधतच कमी आहेत. इम्प्रेशनही घटली आणि क्रमांकही घसरला, तर गूगलने तुम्हाला मागे ढकललंय. इम्प्रेशन आणि क्रमांक दोन्ही जागेवर असून क्लिक कमी झाले, तर निकालांचं पान बदललंय: वर कुणी उत्तर देऊन टाकतंय, व्हिडिओ आलेत, किंवा तुमचा शोधातला फोटो गेलाय. आणि काही पानं थेट शून्यावर गेली असतील तर तांत्रिक बिघाड आहे, बाकी काही विचार करू नका.

हे आकडे पूर्ण साइटचे एकत्र वाचू नका, हे मात्र ठासून सांगतो. सरासरी क्रमांक फार फसवा असतो. समजा एका लेखाचा एक शोध तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि त्याची १०० इम्प्रेशन आहेत. त्या लेखाला एक नवा शोध लागला, तिसाव्या क्रमांकावर, ५० इम्प्रेशन. सरासरी होते १२. तुमचं काहीही बिघडलेलं नाही, उलट वाढलंय, आणि आलेख म्हणतो तुम्ही तिसऱ्यावरून बाराव्यावर पडलात. म्हणून महत्त्वाची वीस-पंचवीस पानं घ्या, एकेका पानाचे मुख्य शोध बघा, आणि त्या शोधाचाच क्रमांक दोन काळांत ताडा.

इम्प्रेशनबाबत सप्टेंबर २०२५ ला आणखी एक गोष्ट झाली आहे, ती माहीत नसेल तर दचकाल. निकालांची शंभरची यादी एकाच पानावर मागवण्याची एक जुनी सोय गूगलने सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास बंद केली. रँकिंग तपासणारी साधनं ती वापरायची, आणि साठाव्या-ऐंशीव्या क्रमांकावरच्या पानांनाही त्यातून इम्प्रेशन मिळायची. ती थांबल्यावर असंख्य साइटींची इम्प्रेशन, विशेषतः डेस्कटॉपवरची, एकदम घटली आणि सरासरी क्रमांक ‘सुधारला’. धंद्यातल्या बहुतेकांचा निष्कर्ष असा की ती माणसांची इम्प्रेशन नव्हतीच. तुमच्या आलेखात १० सप्टेंबरनंतर इम्प्रेशन खाली, क्रमांक वर आणि क्लिक तसेच असं असेल, तर त्यावर एक तासही घालवू नका. उपकरणाची गाळणी लावून फक्त मोबाइलचे आकडे बघा, चित्र बरंच स्वच्छ होईल. तुमच्यासारख्या साइटचे वाचक तसेही बहुतेक मोबाइलवरचेच असतात.

आता मराठी साइटसाठीची माझी आवडती तपासणी. एकच पदार्थ लोक दोन लिप्यांत शोधतात: कुणी ‘उकडीचे मोदक कसे करायचे’ असं देवनागरीत टाकतं किंवा बोलून विचारतं, कुणी तेच रोमन अक्षरांत लिहून शेवटी ‘रेसिपी इन मराठी’ जोडतं. हे दोन गट वेगळे वागतात, त्यांची निकालांची पानंही वेगळी दिसतात. शोधांच्या गाळणीत रेजेक्सचा (अक्षरांच्या नमुन्याने गाळण्याचा) पर्याय निवडून [अ-ह] एवढंच टाका. ज्या शोधात एकही देवनागरी अक्षर आहे ते सगळे वेगळे होतात. मग ‘जुळत नाही’ हा पर्याय निवडा, रोमनवाले मिळतात. एक खबरदारी: फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, म्हणून दोन्ही गटांची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी भरेल. ती तशीच भरते, गडबडू नका.

यातून काय कळतं? गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर यंत्राने लिहिलेलं उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत आणलं. तुमच्या २०२४ च्या सप्टेंबरात ते नुकतंच आलेलं होतं, त्यानंतर त्याचा पसारा वाढतच गेला. त्यामुळे रोमन लिपीतल्या शोधांवर क्रमांक तोच राहून क्लिक घटले असतील, तर संशय तिकडे जातो. दुर्दैवाने सर्च कॉन्सोल त्या उत्तरातली इम्प्रेशन आणि क्लिक वेगळी काढून देत नाही, नेहमीच्या वेब निकालांतच मिसळते. म्हणून हा निष्कर्ष घटलेल्या क्लिकच्या प्रमाणावरून आणि स्वतः निकालाचं पान उघडून बघून काढावा लागतो. प्रत्यक्ष बघणं टाळू नका. आपले दहा महत्त्वाचे शोध फोनवर, लॉगिन न करता, एकेक करून बघा आणि आपला दुवा दिसेपर्यंत किती सरकवावं लागतं ते पाहा. दोन्ही लिप्यांत क्रमांकच पडला असेल, तर एआयला दोष देऊन उपयोग नाही, बिघाड आपल्याकडे किंवा गूगलच्या मूल्यमापनात आहे.

कुठल्या प्रकारच्या लेखाचे क्लिक गेले हेही बघा. ‘अनंत चतुर्दशी कधी आहे’ यासारख्या एका ओळीच्या उत्तराचे क्लिक परत येतील अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. तारीख गूगल वरच सांगून टाकतं. चकली का फुटते, भाजणीचं प्रमाण काय, गौरींना कुठल्या भागात कुठला नैवेद्य दाखवतात, असले लेख टिकतात, कारण तिथे वाचकाला पूर्ण पान लागतं.

आता जुलैतली थीम आणि पत्ते. तिथी लावूनही घसरण उरली आणि ती जुलैच्या बदलापासूनच सुरू झालेली दिसली, तर माझे पैसे याच कारणावर. एकाच आठवड्यात दोन बदल केले की कुठल्याने काय केलं ते सांगता येत नाही, पण दोन्ही तपासता येतात.

पत्त्यांपासून सुरुवात करा. वर्ष-महिना असलेला जुना पत्ता नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ प्रकाराने, वळायला हवा. वर्डप्रेस बऱ्याचदा अंदाजाने योग्य लेखावर नेतं, पण त्या अंदाजावर साइट सोपवू नये. सारखी नावं असलेल्या लेखांत तो चुकतो. आणि तुमचे पत्ते देवनागरीत असतील तर एक खास भानगड असते. आतमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्ह, मात्रासुद्धा, नऊ अक्षरांच्या टक्केवाल्या सांकेतिक रूपात साठवलं जातं, आणि वर्डप्रेसमध्ये या नावाला एकूण २०० अक्षरांची जागा आहे. म्हणजे बावीस चिन्हांनंतर नाव कापलं जातं. लांब मथळ्याच्या लेखांचे पत्ते म्हणूनच मधेच तुटल्यासारखे दिसतात. हात लावला नाही तर काही बिघडत नाही. पण वळवण्याचे नियम कुणी मथळ्यावरून हाताने लिहिले असतील, किंवा प्लगिनने देवनागरी रूप आणि सांकेतिक रूप यांची गल्लत केली असेल, तर नियम कागदावर बरोबर असतो आणि प्रत्यक्षात लागत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: सर्च कॉन्सोलमधून २०२४ ची सर्वाधिक क्लिकची पानं उतरवून घ्या (पडद्यावर हजार ओळी मिळतात, तुम्हाला शंभरही पुरतील) आणि त्यातला प्रत्येक जुना पत्ता ब्राउझरमध्ये टाकून बघा. थेट त्याच लेखावर जायला हवा. मुख्य पानावर जात असेल तर ते वळवणं नव्हे, गूगल त्याला सापडलं नाही असंच मानण्याची शक्यता जास्त.

पानांच्या अहवालात एक सापळा आहे. जुना आणि नवा पत्ता सर्च कॉन्सोलला दोन वेगळी पानं वाटतात. त्यामुळे तुलनेत जुनी सगळी पानं शून्यावर गेलेली दिसतील आणि नवी शून्यातून उगवलेली. घाबरून जाऊ नका, दोघांची बेरीज करून लेखवार तक्ता बनवा. बेरीज कमी भरते ते लेख खरे आजारी. ते साधारण एकाच विभागातले आहेत का, एकाच वर्षातले आहेत का, लांब नावाचे आहेत का, हे पाहिलं की कारण बहुतेक वेळा समोर येतं. वळवणीचे नियम निदान वर्षभर तरी काढू नयेत. मी तर म्हणेन कधीच काढू नका.

थीमच्या बाजूला आधी सर्वांत मूर्खपणाचं वाटणारं तपासा. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवण्याची एक चौकट असते. नवी थीम चाचणीच्या प्रतीवर तयार करताना तिच्यात खूण करतात आणि ती खूण प्रत खऱ्या साइटवर चढवताना काढायला विसरतात. पूर्ण साइटवर ती राहिली असती तर तुमचं ट्रॅफिक निम्म्यावर थांबलं नसतं, पण एसईओ (शोधात वर येण्यासाठीच्या) प्लगिनमध्ये हेच एखाद्या विभागापुरतं होऊ शकतं. पडलेल्या दोन-चार लेखांवर यूआरएल तपासणीचं साधन चालवा. पान यादीत आहे का, नोइंडेक्स (यादीत घेऊ नका अशी खूण) लागलंय का, गूगलने कुठला पत्ता मुख्य मानला, हे तिथे स्पष्ट मिळतं.

पाककृतीच्या साइटला थीमचा दुसरा फटका बसतो तो संरचित माहितीचा. साहित्य, वेळ, फोटो, तारांकन हे गूगलला कळेल अशा रचनेत जुनी थीम किंवा तिचं प्लगिन देत असेल आणि नवी देत नसेल, तर क्रमांक तोच राहतो पण निकालातला फोटो आणि तारे जातात. माणूस शेजारच्या फोटोवर टिचकी मारतो. सर्च कॉन्सोलमध्ये पाककृतींचा वेगळा अहवाल असतो; त्यात वैध पानांची संख्या जुलैत कोसळली का पाहा. तसंच शोधाचा प्रकार ‘इमेज’ करून बघा. फोटो उशिरा उघडण्याची सोय नव्या थीमने चुकीच्या पद्धतीने केली असेल तर चित्रांतून येणारे लोक गुपचूप निघून जातात. रांगोळ्या, मखर, गौरीची आरास असल्या पानांना त्याची झळ जास्त.

आणि जुन्या थीममध्ये लेखाखाली ‘हेही वाचा’ होतं, ते नव्यात आहे का? नसेल तर शेकडो जुन्या लेखांकडे जाणारी आतली वाट बंद झाली असेल. हे कुठल्याच अहवालात लाल अक्षरांत येत नाही.

होस्टिंगचं थोडक्यात: सर्च कॉन्सोलच्या सेटिंगमध्ये क्रॉल स्टॅट्स, म्हणजे गूगलचं यंत्र साइटवर येऊन गेल्याच्या नोंदी, असतात, नव्वद दिवसांचे. सणाच्या गर्दीत सर्व्हर ५०० च्या घरातल्या चुका देत होता का, किंवा सुरक्षेच्या एखाद्या प्लगिनने गूगलच्या यंत्रालाच अडवलं का, ते तिथे दिसतं. डिस्कव्हरमधून (न शोधता गूगल फोनवर सुचवतं त्या लेखांतून) येणारे लोक वेगळ्या अहवालात असतात आणि ते फार लहरी असतात. ती घसरण शोधाच्या घसरणीत मिसळू नका.

हे सगळं तपासून काहीच निघालं नाही, तर मग कोअर अपडेटकडे, म्हणजे गूगलच्या क्रमांक ठरवण्याच्या मूळ पद्धतीतल्या बदलाकडे, या. २०२५ मध्ये जूनचं कोअर अपडेट ३० जूनला सुरू होऊन १७ जुलैला संपलं, म्हणजे तुमच्या थीमच्या बदलाला अगदी चिकटून. इथे मी तुम्हाला ठाम उत्तर देऊ शकत नाही, ते थीम नेमकी कुठल्या दिवशी बदलली यावर अवलंबून आहे. अपडेट संपल्यानंतर एक आठवडा जाऊ द्यावा आणि तो सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी ताडावा, असं गूगलचं मार्गदर्शन आहे. श्रावण २५ जुलैला लागला, म्हणून तुमच्यासाठी सणांची पानं या तुलनेतून बाहेर काढा आणि बारमाही पदार्थ घ्या: पोहे, थालीपीठ, पिठलं, आमटी. ही तुमची शांत पानं. दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर आली असतील तर काहीही बदलू नका, एवढं हलणं चालतंच. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेली असतील तर प्रश्न गंभीर आहे, आणि मग लेख एकेक करून वाचायला बसायला हवं: आपल्या वर आता कोण आहे, त्यांच्या पानात काय आहे जे आपल्यात नाही, आपला फोटो स्वतः काढलेला आहे का, प्रमाण स्वतः करून पाहिलेलं आहे का. हे सुधारायला महिने लागतात आणि कित्येकदा पुढच्या कोअर अपडेटपर्यंत फळ दिसत नाही. पुन्हा सांगतो, हा शेवटचा टप्पा आहे. लोक पहिल्यांदा इथेच उडी मारतात.

सगळे जुने लेख पुन्हा लिहिण्याबद्दल म्हणूनच नाही म्हणालो. पडले नाहीत त्यांना हात लावायचा नाही. तारीख नवी टाकून तोच मजकूर पुन्हा छापण्याने काही मिळत नाही. एक दुरुस्ती मात्र तुमच्या साइटवर मला पडताळून न बघताही लागू पडेलसं वाटतं, कारण प्रत्येक सणाच्या साइटवर ती लागते: ‘गणेश चतुर्थी २०२३’, ‘गणेश चतुर्थी २०२४’, ‘गणेश चतुर्थी २०२५’ असे दरवर्षी नवे लेख असतील, तर ते एकमेकांचे पाय ओढतात. पत्त्यात वर्ष नसलेलं एकच पान ठेवा, दरवर्षी त्यातलाच मुहूर्त आणि तारीख बदला, जुने त्याच्यावर वळवा. हे काम सणानंतर करायचं, आठ दिवस आधी नाही.

थोडक्यात क्रम असा लावा: मॅन्युअल अ‍ॅक्शन्सचं पान, तिथीने तुलना, मोजणीची ताडणी, जुने पत्ते आणि संरचित माहिती, लिपीनुसार क्लिकचं प्रमाण, आणि सगळ्यात शेवटी कोअर अपडेट. पहिले तीन टप्पे एका संध्याकाळचं काम आहे. ते झाल्यावर इथे तीन गोष्टी टाका: थीम बदलल्याची तारीख, ४४ दिवसांच्या तुलनेचे चारही आकडे, आणि सर्वांत जास्त पडलेले दहा लेख. त्यावरून मी किंवा इथलं दुसरं कुणी नेमकं सांगू शकेल.

ऑक्टोबरचा अहवाल पाहतानाही हेच लक्षात असू द्या. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. फराळाची पानं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गेल्या वर्षीपेक्षा उंच जातील आणि शेवटच्या दहा दिवसांत पडलेली दिसतील. २०२६ मध्ये तर अधिक ज्येष्ठ आहे, गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. ऑगस्ट २०२६ चा आलेख पाहून पुन्हा कुणीतरी कोटेशन पाठवेल.

आणि एक काम आजच करा. सर्च कॉन्सोल फक्त सोळा महिन्यांची माहिती ठेवतं. म्हणजे ऑगस्ट २०२४ चे दिवस डिसेंबर २०२५ मध्ये एकेक करून पुसले जातात. पानवार आणि शोधवार दोन्ही तक्ते जुलै ते नोव्हेंबर २०२४ मधल्या जेवढ्या दिवसांचे अजून मिळतील तेवढे महिन्यामहिन्याने उतरवून ठेवा, फाइलच्या नावात महिना आणि त्या महिन्यातला सण लिहून.